ओमानला जाताय? आधी वार आणि वेळ ठरवा, मग ठिकाणं

मुंबईहून मस्कत सुमारे तीन तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, बाजारात हिंदी सर्रास चालते, आणि रत्नागिरी-रायगडकडच्या किती तरी घरांतलं कुणी ना कुणी तिकडे नोकरीला असतं किंवा होतं. त्यामुळे ओमान आपल्याला परका वाटत नाही. पण सहलीचा बेत मात्र बहुतेक जण युरोप किंवा थायलंडचा आखावा तसाच आखतात: ठिकाणांची यादी करायची, दिवसांवर वाटायची, हॉटेलं बुक करायची. वाळवंटी देशात ही पद्धत फसते. इथे ऊन, नमाज आणि आठवडी बाजार या तिघांनी दिवसाचे आणि आठवड्याचे तास आधीच वाटून घेतलेले असतात. त्या वाटणीत आपली सहल बसवली, तर तोच देश दुप्पट दिसतो. म्हणून या लेखात मी ठिकाणांच्या आधी वेळेबद्दल लिहिणार आहे.

पायरी पहिली: महिना

नोव्हेंबर ते मार्च हे ओमानचे खरे महिने. दिवसा हिंडता येतं, आणि वाळवंटात रात्री स्वेटर लागतो. एप्रिलच्या मध्यापासून पारा चढतो, आणि मे ते सप्टेंबर किनारपट्टीवर उष्मा आणि दमटपणा दोन्ही एकत्र येतात. मस्कतच्या दक्षिणेला कुरियात नावाचं गाव आहे. 26 जून 2018 रोजी तिथे रात्रीचं किमान तापमान 42.6 अंश नोंदलं गेलं. किमान म्हणजे दिवस-रात्रीतली सगळ्यात थंड वेळ. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत ओमानची सहल काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी धरा.

याला एक मोठा अपवाद आहे तो सलालाचा. देशाच्या दक्षिण टोकाला, धोफार प्रांतात, साधारण 21 जून ते 21 सप्टेंबर या काळात आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा डोंगरांवर अडतो. मग धुकं, भुरभुर पाऊस, हिरवेगार उतार आणि रस्त्याकडेला शहाळ्यांच्या गाड्या. या ऋतूला तिकडे खरीफ म्हणतात. सगळं आखात हा पाऊस पाहायला लोटतं, त्यामुळे हॉटेलं महाग होतात. कोकणात पावसाळा पाहिलेल्या माणसानं केवळ पावसासाठी तिथे जावं असं मला वाटत नाही. सलालाला जायचंच तर खरीफ ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस जा. डोंगर अजून हिरवे असतात आणि गर्दी पांगलेली असते. मस्कतहून रस्त्यानं ते सुमारे हजार किलोमीटर आहे आणि वाटेत बहुतेक सपाट वैराण माळ, म्हणून विमानच घ्या. खरीफमध्ये गेलात तर समुद्रापासून दूर राहा. 2022च्या जुलैमध्ये मुघसैलच्या किनाऱ्यावर कठड्यापलीकडे गेलेल्या पर्यटकांना लाटेनं ओढून नेलं. त्यांत मूळचे महाराष्ट्रातले लोकही होते. कठडा आणि पाटी असेल तिथे थांबायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही.

पायरी दुसरी: रमजान कधी आहे ते बघा

हिजरी कालगणना चांद्र आहे आणि तीत आपल्यासारखा अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तर 2027 मध्ये 8 फेब्रुवारीच्या आसपास. चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे होतो. म्हणजे सध्या काही वर्षं रमजान ऐन पर्यटनाच्या हंगामात येतो आहे, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं.

रमजानमध्ये सूर्योदयाच्या आधीपासून सूर्यास्तापर्यंत सार्वजनिक जागी खाणं, पाणी पिणं, सिगारेट ओढणं ओमानी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो बिगरमुस्लिम पाहुण्यालाही लागू आहे. गाडीत बसून पाण्याची बाटली तोंडाला लावणंही टाळायचं. हॉटेलच्या खोलीत खाता येतं, मोठ्या हॉटेलांत पडद्याआड जेवणाची सोय असते. लहान मुलांना कुणी काही म्हणत नाही. पण गावोगावची उपाहारगृहं दिवसभर बंद, किल्ले-संग्रहालयांच्या वेळा आखडलेल्या, आणि संध्याकाळी उपवास सोडायच्या सुमारास रस्त्यावर टॅक्सी मिळणं कठीण. मधुमेह असलेले आई-वडील सोबत असतील तर रमजान टाळावा हेच बरं. ज्यांना मात्र देशाचं रात्रीचं रूप बघायचं आहे, त्यांनी मुद्दाम जावं. रमजानमधल्या रात्रीच्या, तरावीहच्या नमाजानंतर मस्कतमधल्या मुत्रहचा बाजार ज्या उत्साहानं भरतो तो एरवी दिसत नाही. ईदच्या दिवसांत सरकारी कचेऱ्या आणि बरीच दुकानं बंद असतात, तेवढे दिवस वगळा.

पायरी तिसरी: कागदपत्रं आणि पैसा

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा ऑनलाइन निघतो, तो रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर. तुमच्या पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर 14 दिवसांसाठी व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत आहे. असा व्हिसा नसेल तर ओमानमधल्या हॉटेल किंवा टूर कंपनीमार्फत अर्ज करणं सोपं पडतं. आपल्याकडचे ट्रॅव्हल एजंट तेच करतात. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 10 रियाल दंड.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा, शिक्का आहे (गावाकडच्या, दहावीपर्यंत न शिकलेल्या ज्येष्ठांच्या पासपोर्टवर तो बहुधा असतो) त्यांना मुंबईच्या विमानतळावर जास्त प्रश्न विचारले जातात. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि सोबतच्या मुला-सुनेची ओळख पटेल असं काही त्यांच्याच हातात द्या.

चलन ओमानी रियाल. एक रियाल म्हणजे 1000 बैसा. भाव तीन दशांश स्थळांत लिहितात: 1.500 म्हणजे दीड रियाल, दीड हजार नव्हे. रियाल अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एका रियालचे सुमारे 2.60 डॉलर, म्हणजे आपले सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. आकडे लहान दिसतात म्हणून हात सैल सुटतो. पहिले दोन दिवस प्रत्येक बिल रुपयांत करून बघा. शहरात कार्ड चालतं. डोंगरातल्या घळीतली होडी, गावातला चहा, टायरमध्ये हवा भरणारा, यांच्यासाठी सुट्टे रियाल जवळ हवेत. जाता जाता सांगतो, एके काळी ओमानात रुपयाच चालायचा. 1959 पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत असे, आणि 1970 पर्यंत त्या तिथे चलनात होत्या.

पायरी चौथी: बॅगेत काय नको

इथे मराठी घरांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. खसखस. ती अफूच्या बोंडातली म्हणून संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आहे, आणि खसखस सापडल्यानं प्रवासी अडचणीत आले आहेत. ओमानला जाताना, विशेषतः दुबई-शारजाहून विमान बदलणार असाल तर, ती अजिबात नेऊ नका. पुडी कुणी नेत नाही हे खरं. पण मस्कतच्या मावशीसाठी आई अनारसे बांधून देते, आणि अनारशाला वरून खसखसच लावलेली असते. डिंकाच्या लाडवांत ती असते, बऱ्याच घरच्या गोड्या मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात ती भाजून कुटलेली असते. फराळ न्यायचा तर चकली, शंकरपाळे, चिवडा न्या. मसाला तिकडेच मिळतो.

दुसरं औषधं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, प्रीगॅबालिन ही आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी औषधं आखातात नियंत्रित आहेत. लागतच असतील तर सहलीपुरतीच न्या, मूळ पाकिटात ठेवा, आणि औषधाचं मूळ नाव, मात्रा व कारण लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सही-शिक्क्यानिशी जवळ ठेवा. शेजाऱ्यानं कुणासाठी दिलेलं औषधांचं पाकीट घेऊ नका, नातं कितीही जवळचं असो.

ई-सिगारेट घरी ठेवा. ड्रोनला आगाऊ परवाना लागतो. तो नसेल तर नेऊच नका.

नेण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत: तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग, अंगभर सुती सैल कपडे, बायकांसाठी मोठी ओढणी, पाण्यात घालायचे पकड असलेले बूट, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, ओआरएस. सिम कार्ड विमानतळावरच घ्या. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल मात्र बरेचदा लागत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलंत तर उगाच काळजी होणार नाही.

पायरी पाचवी: आठवडा वारांवर आखा

हा या लेखाचा गाभा. ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आसपास सगळं बंद. रोजसुद्धा पारंपरिक बाजार दुपारी एकच्या सुमारास झाकतात ते चारनंतर उघडतात. आणि ग्रामीण ओमानचं खरं दर्शन घडवणारे बाजार ठरावीक वारीच भरतात: बुधवारी सकाळी इब्राचा बायकांचा बाजार, गुरुवारी सिनावचा, शुक्रवारी निझवाचा बकऱ्यांचा. नकाशावर ही तिन्ही गावं अशी पडतात की बुधवार ते शुक्रवार एकाच फेरीत बसतात. म्हणून मी नेहमी सांगतो, मुंबईहून रविवारी निघा.

रविवारी मस्कत, संध्याकाळी मुत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर पायी. सोमवारी सकाळी सुलतान काबूस मशीद. 2001 मध्ये खुली झालेली ही मशीद बिगरमुस्लिमांना शनिवार ते गुरुवार सकाळी 8 ते 11 एवढीच बघता येते, शुक्रवारी नाही. आठलाच दारात असा. बायकांनी केस, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत; पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. ओढणी घसरली तर पहारेकरी शांतपणे सांगतात, त्यात अपमान मानू नये. मुख्य दालनातला हातानं विणलेला इराणी गालिचा 4,343 चौरस मीटरचा आहे, आणि पाहुण्यांना त्यावर पाय पडू नये म्हणून निळ्या पट्टीवरून चालवतात. त्या पट्टीवर उभं राहून आधी वर झुंबराकडे सगळे बघतात. खाली वाकून गालिच्याची वीण बघायलाही विसरू नका. दुपारी राष्ट्रीय संग्रहालय बघा, थंड आणि शांत आहे. त्याच भागात, राजवाड्याजवळ, मोतीश्वर महादेवाचं जुनं मंदिर आहे. दारसैतला कृष्णमंदिर आहे. कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदली, त्याची ही साक्ष. महाशिवरात्रीला मोतीश्वराच्या मंदिरात मोठी रांग लागते.

मंगळवारी समुद्रकाठानं सूरकडे. सुमारे दोनशे किलोमीटर, रस्ता उत्तम. वाटेत बिम्माहचा खड्डा, निळ्या-हिरव्या पाण्याचा, आणि मग वादी शाब. वादी म्हणजे डोंगरातली घळ, बहुधा कोरडी, काही ठिकाणी बारमाही डोह असलेली. वादी शाबला पुलाखाली गाडी लावायची, एक रियाल देऊन होडीनं पलीकडे जायचं, आणि पाऊण तास दगडधोंड्यांतून चालायचं. शेवटच्या टप्प्यात पोहत जावं लागतं, आणि गुहेच्या तोंडाशी दोन खडकांमध्ये डोकं जेमतेम जाईल एवढीच फट आहे. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापाशी थांबा. पाण्यात उतरणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घ्या. इथे लोक बुडाले आहेत, आणि मदत यायला वेळ लागतो. पोहताना टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट घाला, पुरुषांनीही. ही गावकऱ्यांची जागा आहे, वरच्या पायवाटेनं शाळेतली पोरं घरी जात असतात.

रात्री रास अल जिन्झ. हिरवी समुद्री कासवं इथे वर्षभर अंडी घालायला येतात, जून ते सप्टेंबरमध्ये सगळ्यात जास्त. हिवाळ्यात एखादंच दिसेल, तेही नशिबानं. राखीव क्षेत्रात वाटाड्याबरोबरच जाता येतं, रात्री किंवा पहाटे, आणि आगाऊ नोंदणी लागते. बॅटरी आणि फ्लॅश पूर्ण बंद ठेवायचा. वेळास-आंजर्ल्याला कासव महोत्सवात गेलेल्यांना हे नवीन नाही.

बुधवारी पहाटे निघालात तर अकराच्या आत इब्रा गाठता येईल. हा बाजार बायकांनी बायकांसाठी चालवलेला: कापड, अत्तर, बखूर (घरात जाळायचा धूप), चांदी. सोबतच्या पुरुषांनी बाहेरच्या मुख्य बाजारात थांबावं, आणि कुणीच तिथे कॅमेरा काढू नये. मग दुपार वादी बनी खालिदच्या डोहांवर काढून संध्याकाळी बिदियाहला, वाळूच्या उंबऱ्यावर. याबद्दल खाली सविस्तर.

गुरुवारी वाळवंटातून सिनावच्या बाजारात. उंट, खजूर, वाळवलेले मासे, आणि बुरख्यातल्या बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या, बायका स्वतः भाव करताना दिसतात. तिथून निझवाला मुक्काम. हा मुक्काम चुकवू नका, कारण शुक्रवारचा बाजार उजाडताच सुरू होतो आणि नऊला आटोपतो. मस्कतहून सकाळी निघणाऱ्यांना रिकामं मैदान बघावं लागतं.

निझवाच्या बाजारात मधोमध एक छप्पर असलेला गोल ओटा आहे. त्याच्या भोवती वाट, आणि वाटेच्या बाहेर पुन्हा माणसांचं कडं. विकणारे बकऱ्या-मेंढ्या दोरीनं ओढत, बोकडाला कधी काखेत उचलून, त्या वाटेनं गोल फिरत राहतात आणि भाव ओरडतात. घेणारा बसल्या जागेवरून हात करतो, मग जनावर थांबवून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, भाव सांगतो; नाही पटलं तर मालक पुढे चालू लागतो. वाटेत उभे राहू नका. ओट्याच्या कडेला जागा धरून अर्धा तास नुसते बघा. जेजुरी-सांगोल्याच्या बाजारात वाढलेला माणूस इथे भाषा न कळताही सौदा कुठे अडलाय ते ओळखेल. गाय-बैलांची फेरी वेगळी लागते, आणि बिथरलेलं जनावर गर्दीत घुसू शकतं, मुलांना जवळ धरा.

बाजारानंतर सतराव्या शतकातला निझवाचा किल्ला, मग बिरकत अल मौझ. इथे फलज अल खतमैन आहे. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या कालव्यानं आणून उताराच्या जोरावर गावभर वाटायची ही पद्धत. ओमानच्या पाच फलजांना 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. या फलजाचं पाणी गावापाशी तीन सारख्या पाटांत विभागलं जातं, आणि कुणाच्या बागेला किती वेळ पाणी हे ठरलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरनं केलेली नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी इथे थोडं थांबावंच. दोन्हींची विद्या एकाच कुळातली.

इथूनच जबल अख्दरचा घाट सुरू होतो. पायथ्याशी पोलीस चौकी आहे, आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडी नसेल तर परत पाठवतात. वर दोन हजार मीटरवर सैकचं पठार, डाळिंबाच्या बागा, आणि मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत गुलाब. शुक्रवारची रात्र वर काढा. शनिवारी मिस्फात अल अब्रियीन हे खजुराच्या बागांतलं दगडी गाव आणि बाहलाचा मातीचा किल्ला बघून मस्कत. रविवारी खरेदी आणि परतीचं विमान.

गाडी

या बेताला स्वतः चालवायची भाड्याची गाडी हवी. शहरांदरम्यान सरकारी मुवासलात बस चालते, मस्कतमध्ये ओटॅक्सीचं ॲप आहे, पण घळींपर्यंत दोन्ही नेत नाहीत. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. सोबत मूळ परवानाही न्यायचा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असते. सरळ रस्त्यावर त्याची सवय लवकर होते, गडबड होते ती गोल चौकात: आतली गाडी आपल्या डावीकडून येते आणि तिचा हक्क पहिला. महामार्गावर वेगमर्यादा 120, कॅमेरे जागोजागी. पेट्रोल लिटरला पाव रियालच्या आत. दुसऱ्या चालकाकडे बघून हातवारे किंवा शिवीगाळ केलीत तर तो पोलिसांत जाऊ शकतो, आणि तो इथे गुन्हाच आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याला तुरुंगवास आहे. दारू परवानाधारक हॉटेलांतच मिळते, उघड्यावर प्यायची नाही. अंधार पडल्यावर ग्रामीण रस्त्यावर गाडी नको, उंट आडवे येतात आणि दिव्यात ते अगदी जवळ आल्यावरच दिसतात.

ओमानात सर्वात मोठा धोका पाण्याचा आहे. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि वर डोंगरात पडलेला पाऊस मिनिटांत घळीत उतरतो. 2024च्या एप्रिलमध्ये अशाच पुरात शाळकरी मुलं वाहून गेली. आकाश भरून आलं, पाणी गढूळ झालं किंवा वरून आवाज आला की सामान सोडून उंचावर चढायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, समोरची गाडी गेली म्हणून आपली घालायची नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं कायद्यानंही गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही. आणीबाणीचा फोन 9999.

वाळूत एक रात्र

शर्किया वाळवंट, ज्याला जुने लोक वाहिबा म्हणतात, उत्तर-दक्षिण सुमारे 180 किलोमीटर पसरलेलं आहे. बिदियाहपाशी डांबरी रस्ता संपतो. तिथल्या टायरच्या दुकानासमोर संध्याकाळी गाड्यांची रांग असते. पोरगा चाकाशी उकिडवा बसतो, व्हॉल्व्हमध्ये काडी दाबतो, हवा सूं करत सुटते, मापक लावतो, पुन्हा सोडतो. 35 पीएसआयचं टायर 15 ते 18 वर आणतात. हवा कमी झाली की टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत खचत नाही. परतताना याच दुकानात हवा भरून घ्यायची, तोवर डांबरी रस्त्यावर वेग नको.

हे सगळं वाचून उत्साह आला तरी पहिल्या खेपेला स्वतः वाळूत गाडी घालू नका, असं मी ठाम सांगेन. भाड्याच्या गाडीचा विमा रस्ता सोडल्यावर बहुधा लागू होत नाही. वाळवंटातले मुक्कामाचे सगळे तळ थोडे पैसे घेऊन बिदियाहच्या पेट्रोल पंपावरून आपल्या गाडीनं नेतात. तळाला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचलात की टेकडीवर चढायला वेळ मिळतो. माणशी चार-पाच लिटर पाणी जवळ असू द्या. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतो. गुडघेदुखी असलेल्यांनी वाळूच्या टेकडीवर गाडी उडवण्याचा खेळ टाळावा, पाठीला जबर हिसके बसतात.

तळाजवळ बदू कुटुंबांची घरं असतात, आणि पाहुण्याला कहवा (अरबी कॉफी) आणि खजुराचं बोलावणं येतं. जा. चपला बाहेर काढा, पाय दुमडून बसा, तळवे कुणाकडे करू नका. आधी खजूर, मग वेलची घातलेला, बिनसाखरेचा कहवा. बिनकानाच्या वाटीत तो तळाशी थोडाच ओततात, आणि वाटी रिकामी दिसली की पुन्हा ओततात. पुरे झालं की वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायची, मग ओतणारा थांबतो. घ्यायचं-द्यायचं उजव्या हातानं. समोरच्या बाईनं हात पुढे केला नाही तर पुरुषानं करू नये, छातीवर हात ठेवून सलाम म्हणावं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे तर अजिबातच नाहीत. निघताना काही विकत घ्या, हातानं विणलेली किल्ल्यांची दोरी का होईना.

शाकाहारींचं जेवण

मस्कतच्या रुवी भागात गुजराती थाळीपासून डोशापर्यंत सगळं मिळतं. आतल्या गावांत केरळी माणसांनी चालवलेली छोटी ‘कॉफी शॉप’ आपला आधार: पराठा, डाळ, अंडं, कडक चहा. अरबी जेवणात हुम्मुस, मुतब्बल, फलाफल, फतूश हे बिनधास्त घ्या. सूप आणि भात मात्र विचारून घ्या, तो बहुधा मटणाच्या रश्शात शिजलेला असतो. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘गोश्त का पानी भी नहीं’ असं हिंदीत स्पष्ट सांगा. वाळवंटातल्या तळाला बुकिंगच्या वेळीच कळवा, तिथे ऐनवेळी काही मिळत नाही. उपवास असेल तर खजूर, फळं, दही सगळीकडे आहे.

परतीची खरेदी

मुत्रहचा बाजार सकाळी किंवा चारनंतर. घासाघीस चालते, हिंदीतच करा, पण भाव ठरला की मागे फिरू नका. लोबान या सुगंधी डिंकासाठी धोफार प्रसिद्ध आहे. फिकट हिरवट, उजेडात पारदर्शक दिसणारे खडे उत्तम, लालसर-गढूळ ते हलके. दुकानदाराला एक खडा निखाऱ्यावर टाकून दाखवायला सांगा. ओमानी हलवा केशर, वेलची आणि तुपातला, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात मिळतो. तो मऊ असतो, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडतो, म्हणून चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. खंजीर घेतलात तर तोही चेक-इनमध्येच, आणि बिल जपून ठेवा. मुंबईच्या कस्टमला विचारलं तर लागतं.